आणि डॉक्टर खुर्चीत बसले

घाबरू नका मित्रांनो, आज तुम्हांला कुणी 'आ' करायला सांगणार नाही. आज तोंड मी उघडणार आहे! मी एक जुनी खुर्ची आहे, दातांच्या दवाखान्यातली. माझं नुसतं नाव काढलं तरी तुमच्यातले निम्मे जण आईच्या मागे लपतात, हे मला ठाऊक आहे. लपा खुशाल. पण लपल्या जागेवरून ऐका, कारण माझ्या आयुष्यात असा एक दिवस येऊन गेलाय की तो आठवला तरी माझ्या स्प्रिंगा थरथरायला लागतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचा जड पाया, पोटात तेलाचा पंप आणि खाली पायाने दाबायची दांडी. दांडी दाबली की मी वर जायचे, सोडली की मोठा सुस्कारा टाकून खाली यायचे. गादी शिवणाऱ्या कारागिराने मला गर्द हिरवं रेक्झिन चढवलं आणि डोकं टेकायला दोन गोल उश्या लावल्या. मग तपासनीस आला. माझ्यावर बसला, मागे रेलला आणि चक्क घोरायला लागला! सगळा कारखाना हसला. मला वाटलं, माणसांना असं सुखाने निजवण्यातच आपला जन्म जाणार. कसली भोळी होते मी!

मला आणलं ते एका गजबजलेल्या चौकातल्या पहिल्या मजल्यावर. खाली औषधांचं दुकान, वर दवाखाना. डॉक्टर तरुण होते. दवाखाना नवा, पाटी नवी, भिंतींचा रंग अजून ओला. त्यांनी खिशातल्या रुमालाने माझे हात पुसले आणि दारात उभ्या असलेल्या मावशींना म्हणाले, "बघा मावशी, आपली राणी आली." मावशी म्हणजे त्यांच्या मदतनीस. त्या पहिल्या दिवसापासून तिथे आहेत. मला राणी म्हणणारे मात्र डॉक्टर पहिले आणि शेवटचे, कारण बाकी सगळे मला वेगळ्याच नावांनी हाक मारत. ती नावं मी तुम्हांला सांगणार नाही.

डॉक्टरांचा हात भारी वेगवान होता. पेशंट टेकला न टेकला तोच ते दिवा ओढत, पक्कड घेत, मावशी मागून खांदे धरत आणि डॉक्टर म्हणत, "झालंच!" खरं तर तेव्हा नुसती सुरुवात झालेली असायची. मध्ये एकदा "झालंच!", आणखी एकदा "झालंच!", आणि मग खरंच दात ताटलीत टणकन पडायचा. लोकांनी त्यांचं नावच 'झालंच डॉक्टर' पाडलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि थोडंसं आवडतही होतं. दुखणं जितक्या लवकर संपवावं तितकी पेशंटवर दया, असं ते अगदी मनापासून मानत. आणि लोक तरी काय, गाल धरून का होईना, आभार मानूनच जात.

मला मात्र पेशंटचे चेहरे दिसत नसत. चेहरे दिव्याकडे असत. माझ्या वाट्याला यायचे ते हात. माझ्या दोन्ही हातांवर त्यांचे दोन्ही हात. कुणाची बोटं पांढरी पडायची, कुणाचे तळवे घामाने ओले व्हायचे, कुणाची नखं रेक्झिनमध्ये रुतायची. पुढे पुढे तर माझ्या हातांवर नखांच्या चंद्रकोरीच उमटल्या. मित्रांनो, माणूस किती घाबरलाय हे त्याच्या तोंडाकडे बघून डॉक्टरांना कळत नसेल इतकं मला त्याच्या पकडीवरून कळायचं.

दुपारी दवाखाना बंद झाला की डॉक्टरांची लेक शाळेतून थेट वर यायची. दप्तर फेकायची आणि माझ्यावर उडी! "बाबा, वर!" डॉक्टर दांडी दाबत. "अजून वर!" ते आणखी दाबत. मग एकदम सोडून देत आणि ती किंचाळत खाली यायची. एकदा ती म्हणाली, "आता तुम्ही बसा, मी दाबते."

"छे! ती पेशंटची जागा आहे."

"मग मी कशी बसते?"

"तू जागा अडवतेस. बसत नाहीस."

आणि खरंच, इतक्या वर्षांत ते माझ्यावर एकदाही टेकले नाहीत. पाठ भरून आली तरी आपल्या गोल स्टुलावरच बसायचे. मला वाटायचं, केवढा हा मान ठेवतात पेशंटच्या जागेचा! खरं कारण मला फार उशिरा कळलं.

लेक मोठी झाली, शिकली आणि दातांची डॉक्टर होऊन परत आली. ठरलं असं की सकाळी बाबा, संध्याकाळी ती. खुर्ची एकच, मी! तिच्या पहिल्या संध्याकाळी मी गोंधळूनच गेले. एक छोटी मुलगी आली होती. धाकट्या डॉक्टरने दिवा ओढलाच नाही. आधी तिला आरसा हातात दिला. मग पाण्याचा फवारा तिच्या नखावर उडवून दाखवला. मग म्हणाली, "हे बघ, दुखलं, कंटाळा आला, शिंक आली, काहीही झालं तरी डावा हात वर करायचा. मी लगेच थांबणार."

मुलीने तोंड उघडलं आणि लगेच हात वर केला. धाकटी डॉक्टर थांबली. पुन्हा हात वर. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा हात वर झाला तेव्हा तिने विचारलं, "आता काय झालं गं?"

"मला विचारायचंय, तुमचे पण दात किडलेत का?"

"एक किडला होता. चॉकलेटं खाऊन."

एवढं ऐकून मुलगी खूश झाली. किडलेला भाग यंत्र न लावता, चमच्यासारख्या बारीक हत्याराने हळूहळू खरवडून निघाला, वर औषधी लेप बसला, आणि मित्रांनो, माझ्या हातांवर तिची बोटं नुसती ठेवलेली होती! ती पाय हलवत होती! पाय हलवणारा पेशंट मी जन्मात पहिल्यांदाच पाहिला.

दारात डॉक्टर उभे होते. मुलगी गेल्यावर म्हणाले, "दात तपासतेयस की गप्पांचा फड रंगवतेयस?"

"दोन्ही."

"आणि ते हात वर करण्याचं काय खूळ आहे? हात केला की बस थांबते. डॉक्टरने थांबायचं नसतं."

"का नसतं?"

"थांबलं की पेशंट पळतो."

"माझा अजून एकही पळाला नाही."

"पळेल, पळेल. आज पहिलाच दिवस आहे."

मावशी हसू दाबत हत्यारं उकळायला घेऊन गेल्या. पण मी सांगते, पेशंट पळाले नाहीत. ती सुई टोचायच्या आधी हिरडीला बधिर करणारा लेप लावायची, औषध अंगाइतकं कोमट करून घ्यायची आणि थेंबथेंब सोडायची. पुढे काय करणार ते आधी सांगायची आणि सांगितलं तेवढंच करायची. सकाळी माझ्या हातांवर मुठी आवळलेल्या असायच्या, संध्याकाळी तळवे मोकळे पसरलेले. एकाच दिवसात मी दोन जन्म जगत होते!

मग डॉक्टरांना जिना चढताना धाप लागायला लागली. मधल्या पायरीवर थांबून ते उगीचच खालच्या दुकानाकडे बघत राहायचे. त्यांनी हळूहळू सकाळचं काम सोडलं. विजेवर चालणारी नवी खुर्ची आली, बटण दाबलं की गुणगुणत आडवी होणारी. मला मागच्या खोलीत सरकवलं. माझ्या मांडीवर हातमोज्यांचे खोके आले, त्यावर प्लास्टरच्या दातांचे साचे आले. पोटातलं तेल आटलं, दांडी गंजून घट्ट बसली. मावशी कधीतरी फडकं मारून जायच्या, तेवढाच काय तो सण. दार अर्धं उघडं असायचं म्हणून पुढच्या खोलीतलं बोलणं कानावर यायचं.

एका दुपारी त्याच दारातून मी जे ऐकलं त्याने माझं आयुष्य पुन्हा सुरू झालं.

डॉक्टर, लेक आणि आई, म्हणजे डॉक्टरांची बायको, तिघंही दवाखान्यात आले होते. डॉक्टरांच्या हृदयाची एक झडप बिघडली होती आणि ती बदलायची होती. पण हृदयाच्या डॉक्टरांनी आधी दात तपासून घ्यायला सांगितलं होतं. तोंडात कुठे पू असेल तर तो रक्तातून जाऊन नव्या झडपेवर बसू शकतो आणि मग जिवावर बेततं. तोंड स्वच्छ झाल्याशिवाय ऑपरेशन नाही, आणि ऑपरेशन लांबवण्याइतका वेळ हातात नाही.

लेकीने बाबांना खिडकीशी उभं करून बॅटरीने दात पाहिले. एका जागी बॅटरी पुन्हा पुन्हा नेली. मग म्हणाली, "उजवीकडची खालची दाढ. आतून पार गेलीय. बाबा, ही आजची नाही."

"असेल जरा जुनी."

आई म्हणाली, "तरीच! दोन वर्षं झाली, हे सगळं डाव्या बाजूने चावतात. मला वाटलं, म्हातारपणाची सवय लागली."

लेकीने बॅटरी विझवली. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणारी ती मुलगी रोज बाबांच्या समोर बसून जेवत होती.

"दाढ काढावी लागेल," ती म्हणाली. "बसा."

"कशाला बसायला हवं? पक्कड दे, आरशासमोर उभा राहून मीच काढतो. एका झटक्यात."

"हो, आणि मी बॅटरी धरून उभी राहते, नाही का?" आई म्हणाली. "अहो, सरळ सांगा ना, भीती वाटतेय. लग्नाआधीपासून ओळखते मी तुम्हांला. स्वतःच्या दाताला म्हणून कुणाला हात लावू दिला नाही आजवर."

तेव्हा मला कळलं, मित्रांनो! ते माझ्यावर कधी बसले नाहीत तो मान नव्हता. ते घाबरत होते! ज्यांच्या हातून हजारो दात निघाले, त्यांना खुर्चीतल्या माणसाचं काय काय होतं ते सगळंच ठाऊक होतं. 'झालंच' म्हणतात तेव्हा काहीच झालेलं नसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

डॉक्टरांनी मग शेवटची चाल खेळली. "मी त्या नव्या, विमानातल्यासारख्या खुर्चीवर बसणार नाही. बसेन तर माझ्या जुन्या खुर्चीवर."

काय ही चलाखी! मी गंजलेय, जागची हलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लेकीने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "शब्द देताय?"

"दिला."

ते गेल्या गेल्या लेकीने मिस्त्रीला फोन केला. आणि मग काय सांगू तुम्हांला! दुसऱ्या सकाळी माझ्या मांडीवरचे खोके उतरले. मिस्त्रीने मला आडवं पाडलं, पोट उघडलं, गंज घासला, नवी वायसरं घातली, घटाघटा तेल पाजलं. दांडीवर दणकन पाय मारला. मी हललेच नाही. पुन्हा मारला. माझ्या आत कुठेतरी कुर्रर्र झालं आणि मी वर उचलले गेले! "आली, आली!" मिस्त्री ओरडला. हिरव्या रेक्झिनवर नवं निळं रेक्झिन चढलं. तपासणीसाठी मावशींना बसवलं आणि मिस्त्री दांडी दाबतच सुटला.

"अरे मेल्या, थांबव! छताला चिकटेन मी!"

सगळे हसले. मी तर इतकी हसले की खाली येताना सुस्काऱ्याऐवजी शिट्टी वाजली.

आणि तो दिवस उजाडला. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून औषधं आधीच सुरू झाली होती. डॉक्टर जिना चढून, श्वास घेत घेत आत आले आणि मला दिव्याखाली उभी पाहून दारातच थबकले.

"ही चालते?"

"चालते," आई म्हणाली. "आता तुमचा शब्द चालतो का बघू."

त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. दांडी दाबून पाहिली. डोक्याच्या उश्या हलवून पाहिल्या. एखादा खिळा तरी ढिला निघावा म्हणून किती शोधाशोध! पण मिस्त्रीने काम चोख केलं होतं. शेवटी त्यांनी चष्मा काढून आईच्या हातात दिला आणि ते बसले.

माझ्या हातांवर त्यांचे हात आले. किती वर्षं मी या हातांना ओळखत होते! पण ते मला नेहमी लांबून दिसले होते, हत्यार धरलेले. आज ते माझ्यावर होते आणि गार पडले होते. मित्रांनो, इतकं घट्ट मला आजवर कुणीच धरलं नव्हतं.

लेकीने दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, हिरडीला लेप लावला. "काही झालं तर डावा हात वर करा. मी थांबेन."

"ते पोरांना सांग."

"सगळ्यांनाच सांगते."

मग 'आता टोचते' म्हणत ती त्यांच्यावर वाकली आणि वाकूनच राहिली. डॉक्टर कुरकुरले, "टोच की आता! किती ताटकळत ठेवशील?"

"टोचून झालं, बाबा."

ते मान वळवून बघायला लागले तसं मावशींनी त्यांचं डोकं हलकेच सरळ केलं. खांदे धरले नाहीत, एवढं मी नीट पाहिलं.

ओठ जड झाला, जीभ जड झाली. लेकीने बारीक सळीच्या टोकाने हिरडी दाबून 'दुखतंय का?' विचारलं, पुन्हा दाबून विचारलं, मगच पातळ पट्टीसारखं हत्यार घेतलं. ओढाताण नाही, झटका नाही. दाढेच्या कडेकडेने ती हळूहळू वाट काढत गेली. दाढ हलायला लागली. मी श्वास रोखला. खुर्चीला श्वास नसतो म्हणता? त्या दिवशी होता!

आता एक गुपित सांगते. दात काढताना एक क्षण असा येतो, की अजून एक वळसा दिला की दात बाहेर. त्या क्षणी दातांचा डॉक्टर थांबत नाही. हात आपोआप पुढे जातो. तो क्षण मी हजारदा माझ्या पाठीवर अनुभवला होता. नेमका तोच क्षण आला, लेकीच्या मनगटाने वळसा घ्यायला सुरुवात केली, आणि माझ्या डाव्या हातावरची पकड सुटली.

डॉक्टरांचा हात वर गेला होता.

लेक थांबली.

"अगं ताई, आलीच होती की!" मावशींच्या तोंडून निघून गेलं.

लेकीने हत्यार ताटलीत ठेवलं. दोन्ही हात रिकामे करून बाबांना दिसतील असे धरले. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. मग जड जिभेने म्हणाले, "थांबलीस?"

"तुम्ही हात वर केलात."

"तो आपोआप गेला. दुखलं म्हणून."

"थोडं की खूप?"

या प्रश्नावर ते विचारात पडले. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नव्हता आणि त्यांनाही कुणी विचारला नव्हता. "थोडं," ते म्हणाले. "मुळाशी. मागच्या अंगाला."

तिने तिथे आणखी थोडं औषध सोडलं आणि ती वाट बघत बसली. त्यांच्याच गोल स्टुलावर. काही वेळाने ते म्हणाले, "मी असतो तर थांबलो नसतो."

"माहीत आहे, बाबा."

"आत्ता तुझा हात बघत होतो मी. थांबायला जास्त ताकद लागते गं."

"लागते."

ते मागे रेलले. "चल, कर सुरू."

पण मित्रांनो, या वेळी त्यांनी हात माझ्यावर ठेवलेच नाहीत. दोन्ही हात पोटावर ठेवले, एकमेकांवर, जेवण झाल्यावर माणूस निवांत बसतो तसे. माझे दोन्ही हात मोकळे राहिले! मला कुणी धरलं नाही याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. मी लोखंडाची नसते तर त्या क्षणी नाचले असते. दाढ आली तेव्हा त्यांना कळलंही नसावं, कारण ते छताकडे बघत होते. मग मात्र ताटली मागून घेतली, दाढ उलटसुलट करून पाहिली आणि कापूस दाबलेल्या तोंडानेच मावशींना म्हणाले, "मुळं बघा, केवढी वाकडी. अख्खी काढली हिने. अख्खी!" लेक कोपऱ्यातल्या नळाशी पाठमोरी उभी राहून हात धूत होती. ती फार वेळ हात धूत राहिली.

जखम भरली. हृदयाचं ऑपरेशन झालं आणि नीट झालं. थोड्या महिन्यांनी डॉक्टर जिना न थांबता चढून आले! मग तो त्यांचा नेमच झाला. संध्याकाळी यायचे आणि पुढच्या खोलीत, वाट बघणाऱ्या लोकांमध्ये जाऊन बसायचे. एखाद्याचा चेहरा उतरलेला दिसला की त्याच्याकडे सरकायचे. "घाबरू नका. हात वर केला की ती थांबते. मी स्वतः तपासून पाहिलंय." काही लोक त्यांना ओळखायचे, एके काळी त्यांच्याकडून दात काढून घेतलेले. ते चमकून विचारायचे, "डॉक्टर, तुम्ही सांगताय हे?"

"मीच सांगतोय. आमच्या वेळी नव्हतं असं. तुम्ही उशिरा यायला हवं होतं."

अशी पुष्कळ वर्षं त्यांना मिळाली. आता ते नाहीत. मावशी अजून कधीकधी संध्याकाळी त्यांच्या जागेवरचं वर्तमानपत्र नीट करून ठेवतात. मी परत मागच्या खोलीत गेले नाही. मला खिडकीशी जागा मिळाली आहे. ज्यांना नव्या खुर्चीवर आडवं व्हायची धास्ती वाटते ते आधी माझ्यावर बसतात, धाकट्या डॉक्टरशी बोलतात, हत्यारं हातात घेऊन बघतात. तिला अजून धाकटी म्हणते मी, पण तिचे केस आता पिकले आहेत.

तर मित्रांनो, दात घासा, गोड खाल्लं की चूळ भरा, हे तुम्हांला घरीदारी सगळेच सांगतात. दुखायला लागायच्या आधीच या, म्हणजे फार काही करावंच लागत नाही, हेही तुम्ही ऐकलं असेल. मला सांगायचंय ते वेगळंच. लहान मुलाचा दात दुखला की ते रडून घर डोक्यावर घेतं, म्हणून ते वाचतं. मोठी माणसं रडत नाहीत. ती 'काही नाही, बरं आहे' म्हणतात आणि पाणी पितात. आज घरी गेलात की तुमच्या आजीच्या, आजोबांच्या, आईबाबांच्या समोर जेवायला बसा. ताटाकडे नको, त्यांच्याकडे बघा. ते कुठल्या बाजूने चावतात तेवढं बघा.